सात डोंगर आणि दोन पाळी

माण तालुक्यात वाढलेल्या मला डोंगर म्हणजे महादेवाच्या रांगेतले उघडेबोडके माथे. ढग सह्याद्रीवरच रिते होऊन येतात. आमच्या वाट्याला वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. चढावर कुसळं, ओढ्याकाठी बाभळी. तिथे कुठेही उभी केली तरी मला वाट सापडते.

नवेगाव बांधच्या तलावाकाठी मात्र काहीच उमगेना. समोर दूरवर पाणी, भोवती साग, ऐन आणि मोहाने गच्च झाकलेले डोंगर. एक कुठे संपतो नि दुसरा कुठे सुरू होतो, तेच दिसेना. खडकही अनोळखी. आमचे डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. तो लाव्हा इथवर पोचलाच नाही. इथला पाषाण शंभर कोटी वर्षांच्याही पलीकडचा, झिजून गोलावलेला. इतकं जुनं काही पायाखाली असल्याची जाणीव मला पहिल्यांदा झाली, आणि मी बराच वेळ तिथेच थांबले.

तलाव माणसांनी बांधलेला, एवढं ठाऊक होतं. राजेवाडीचा इंग्रजकालीन तलाव पाहिलेली मी, इथेही नजर धरणाची लांबलचक भिंत शोधत होती. ती कुठेच दिसेना. डोंगा काठाला लावत असलेले एक ढिवर आजोबा म्हणाले, "पाळ कायले शोधता जी ताई? हे डोंगरच त पाळ होये."

हा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधला. इंग्रजांच्या इम्पीरियल गॅझेटियरमध्ये त्याचा घेर 17 मैल दिला आहे आणि मातीच्या पाळी फक्त दोन: एक 320 यार्ड, दुसरी 760. दोन्ही मिळून किलोमीटरभरही नाहीत. उरलेला सगळा काठ डोंगरांनी आणि चढत्या जमिनीने सांभाळलाय. नेमक्या कोणत्या दोन खिंडी बुजवल्या की एवढं पाणी अडेल, हे कोलू पाटलांनी नकाशाशिवाय, दुर्बिणीशिवाय ओळखलं. किती पावसाळे ते या उतारांवरून वाहणारं पाणी बघत हिंडले असतील! माझ्या लेखी ही महाराष्ट्रातल्या थोर स्थापत्यांपैकी एक कृती आहे, आणि शाळेच्या पुस्तकात मला ती कधी भेटली नाही याचं वाईट वाटतं.

गावाने मात्र त्यांना विसरू दिलेलं नाही. डोंगरावर त्यांचं ठाणं आहे. कोलासूर देव म्हणून त्यांची पूजा होते. भोवतालच्या सात डोंगरांना लोक सात बहिणी म्हणतात. या बहिणींनीच बांध घालायला हात दिला, अशी श्रद्धा आहे. काठावर उभं राहून ती ऐकताना मला ती अगदी खरी वाटली.

मारुती चितमपल्लीही आमच्यासारख्याच कोरड्या सोलापूरचे. वनाधिकारी म्हणून ते इथे वर्षानुवर्षं रमले, ते का, हे आता कळतं.

डोंगरांवरचं जंगल 1975 मध्ये राष्ट्रीय उद्यान झालं आणि 2013 मध्ये नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आलं. ते उघडं पडलं, तर उतारांची माती तलावातच येणार. बहुतेक पाहुणे हिवाळ्यात पक्षी बघून परततात. तुम्ही जाल तेव्हा त्या दोन्ही पाळींवरून एकदा पायी चाला, आणि सोबतच्या मुलांना कोलू पाटलांचं नाव सांगा.