डाळीचं धुवण

आमच्या संग्रामपूर तालुक्यात पाण्याच्या दोन चवी. वर सातपुड्याच्या पायथ्याला, सोनाळा-टुनकीकडं, विहिरीचं पाणी गोड. तिथून खाली पूर्णा नदीकडं यावं तसं ते खारट होत जातं. हाच तो खारपाणपट्टा. बुलडाणा, अकोला, अमरावती अशा तीन जिल्ह्यांत तो पूर्णेच्या अंगानं पसरलेला आहे. आमचं घर खाऱ्या बाजूचं. विहिरीच्या पाण्यात तुरीची डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. अंगणात ते पाणी सांडून वाळलं की काळ्या मातीवर पांढरट पापुद्रा धरायचा.

अशा अंगणात माय दरवर्षी झेंडू लावायची.

आषाढात पाऊस लागला की ती उतरंडीतली बियांची पुरचुंडी काढी. झेंडूचं बी म्हणजे बारीक काळी सुई, मागं पिवळसर शेपूट. ते चुरून भुरभुरलं की आठवड्यात उगवायचं. महिन्याचं रोप झालं की ती ते भिंतीकडेच्या वरंब्यावर, हात-हात अंतरानं लावी. सपाटीवर नाही, आमची माती पाणी जिरू देत नाही, मुळं सडतात. वरंब्यात शेणखत भरपूर घाली, पण चुलीतली राख तिथं पडू देत नसे. "राखेनं माती आनखी चिडते," म्हने. राखही खारच, हे मी पुस्तकात फार पुढं वाचलं. रोपं वीतभर झाली की ती शेंडे खुडायची. मला वाईट वाटायचं. ती म्हणायची, "एक शेंडा गेला त चार फांद्या येतेत."

पाऊस उघडला की खरी पंचाईत. पिण्याचं गोडं पाणी लांबून बैलगाडीवर टिपाडात यायचं, त्यातलं फुलांना कोण देणार? पण डाळ गोड्या पाण्यातच शिजवावी लागे, म्हणून ती धुवायचीही गोड्याच पाण्यात. ते धुवण माय एका जर्मनच्या गंजात जमा करी आणि संध्याकाळी एकेका झाडाच्या बुडाशी वाटी-वाटी ओती. आमच्या झेंडूचं सारं पाणी तेवढंच.

१९७२ ला पावसानं दगा दिला. बाबा खडी फोडायच्या कामावर जाऊ लागले. घरात डाळच रोज नव्हती, तर धुवण कुठून येणार? वरंब्यावरची झाडं एकेक करून वाळली, तीन उरली. एका संध्याकाळी मायच्या हातात वाटी पाहून बाबा चिडले. "मानसायले पानी नाई अन् तू फुलायले पाजतं?" माय शांतपणे म्हणाली, "हे मानसाच्या तोंडचं नाई. डाळीच्या तोंडचं हाय." बाबा काही बोलले नाहीत.

दसऱ्याच्या तोंडावर एका झाडाला एकच फूल आलं. मायचा नेम होता, पहिलं आणि भरदार फूल बियांसाठी झाडावरच ठेवायचं, देठ वाळेपर्यंत हात लावायचा नाही. आजी म्हणाली, "सनाचा दिवस हाय. देवाले एक फूल नको?" मायनं हात जोडले. "आत्याबाई, देवाले आंब्याचं पान चालते. बी गेलं त पुढल्या साली देवालेबी नाई अन् आपल्यालेबी नाई." आजी दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. आमच्या दाराला त्या साली नुसत्या पानांचं तोरण होतं. मात्र फूल वाळल्यावर आजीनंच आपल्या जुन्या लुगड्याची चिंधी फाडून दिली, बी बांधायला.

पुढच्या वर्षी पाऊस चांगला झाला. त्या एका फुलाच्या बियांतून वरंबा भरला. गल्लीतल्या बऱ्याच घरांतलं बी दुष्काळात गेलं होतं. बायका पदरात रोपं घेऊन गेल्या. दसऱ्याला दारोदार एकाच रंगाची तोरणं, हळदीसारखी पिवळी.

खाऱ्या पाण्यानं आमच्या भागाचं फार घेतलं. किडनीच्या दुखण्यानं ओळखीची कितीतरी माणसं गेली. लोक बोट पाण्याकडंच दाखवतात. आता १४० गाव योजनेतून वान धरणाचं गोडं पाणी तालुक्यात येतं. बाजारात संकरित झेंडूची पाकिटं मिळतात. फूल लिंबाएवढं, केशरी, देखणं. पण त्याचं बी धरून लावलं तर पुढच्या साली तसं फूल येईलच असं नाही. दरवर्षी पाकीट घ्यावं लागतं. आमचा पिवळा झेंडू आकारानं लहान, पण त्याचं बी घरचं.

माय गेली त्याला बरीच वर्षं झाली. ज्येष्ठात अजून कोणी ना कोणी बी मागायला येतं. मी जुन्या कॅलेंडरच्या कागदाची पुडी बांधून देतो. परवा शेजारची नवी सून आली होती. तिनं विचारलं, "काका, पानी किती द्यायचं याले?"

मी म्हटलं, "डाळ धुतल्यावर उरते तेवढं."