रंग का पळतो?

घरच्या अंगणात मोटारसायकलची टाकी रंगवायला घेणाऱ्याची तयारी बहुतेक वेळा चांगली असते. लांबी नीट भरलेली, वॉटर पेपरने घासलेली, प्रायमर एकसारखा बसलेला. मग रंगाचा पहिला ओला हात बसतो आणि बघता बघता काळ्या चकचकीत रंगात गोल गोल खड्डे उघडतात. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी प्रायमरचा करडा ठिपका, भोवती रंगाची फुगीर कड. गॅरेजवाले याला ‘फिशआय’ म्हणतात. अशा वेळी आधी रंगाच्या डब्यावर खापर फुटतं, नंतर थिनरवर. खरा दोष मात्र टाकीवर राहिलेल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या तेलकट थराचा असतो.

त्यातही सगळ्यांत चिवट सिलिकॉन. डॅशबोर्ड आणि टायर चमकवणारे स्प्रे, कितीतरी पॉलिश, केसांचे सीरम, हाताची क्रीम या सगळ्यांत ते सापडतं. दसऱ्याला गाडीला हळद-कुंकू लावण्याआधी हौसेने मारलेलं पॉलिश पुढचे कित्येक महिने पत्र्याला धरून राहू शकतं.

पाण्याचा पृष्ठीय ताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन असतो, गाडीच्या रंगांचा साधारण 25 ते 35 आणि सिलिकॉन तेलाचा जेमतेम 21. द्रवाचा पृष्ठभाग कमी ताणाच्या जागेकडून जास्त ताणाच्या जागेकडे खेचला जातो. ताटातल्या पाण्यावर मिरपूड भुरभुरून मधोमध साबणाचा थेंब सोडला की मिरपूड कडेला धावते, तसाच ओला रंग सिलिकॉनच्या ठिपक्यापासून दूर सरकतो. इटालियन शास्त्रज्ञ कार्लो मारांगोनीने 1865 मध्ये या ओढीवर प्रबंध लिहिला आणि आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. मोटारींच्या कारखान्यांत तर याची धास्तीच असते. अनेक पेंट शॉपमध्ये कामगारांना डिओडरंट किंवा हेअर जेल लावून आत जाता येत नाही. तिथे बसवायच्या यंत्रांचे सुटे भागसुद्धा रंगाला बाधक नाहीत ना, हे तपासण्यासाठी जर्मनीत ‘व्हीडीएमए 24364’ नावाची वेगळी चाचणी आहे.

घरी एवढा बंदोबस्त होणार नाही, पण कामाचा क्रम सांभाळता येतो. माझ्या मते निम्मं काम तिथेच होतं. बहुतेक जण आधी घासतात आणि मग पुसतात. घासताना पॉलिश पेपरच्या ओरखड्यांत तेल दाबलं जातं आणि तिथून ते निघता निघत नाही. म्हणून पहिल्यांदा साबणाच्या पाण्याने धुवावं, सुकवावं, वॅक्स अँड ग्रीस रिमूव्हरने पुसावं आणि मगच घासायला घ्यावं. घासून झाल्यावर, रंगाआधी, पुन्हा एकदा पुसावं. पुसायला दोन फडकी हवीत: एकाने द्रव लावायचा, तो वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचा. द्रव जागच्या जागी वाळू दिला तर विरघळलेलं तेल पुन्हा तिथेच बसतं. फडकं लिंट न सोडणारं असावं, सॉफ्टनर घालून धुतलेलं नको. रॉकेलने पुसू नये, त्याचा तेलकटपणा मागे राहतो. पुसल्यानंतर टाकीला उघडा हात लावू नये, नायट्राइलचे हातमोजे घालावेत. सिलिकॉनचा स्प्रे त्याच शेडमध्ये त्या दिवशी कोणी मारू नये, कारण त्याचे कण हवेत तरंगत येऊन बसतात.

दुसरा चोर कॉम्प्रेसर. दाबलेली हवा गरम होते, पाइपात निवते आणि तिच्यातल्या बाष्पाचं पाणी होतं. कोकणातल्या पावसाळी हवेत हे पाणी किती निघतं, ते कॉम्प्रेसरच्या टाकीखालचा नळ उघडला की कळतं. तो रोज उघडावा. पाणी अडवणारा फिल्टर कॉम्प्रेसरला चिकटून बसवण्यापेक्षा काही मीटर पाइप सोडून पुढे बसवावा. तिथवर हवा थंड झालेली असते, म्हणून पाणी त्यात अडकतं. रंग भरण्याआधी स्प्रे गनमधली नुसती हवा स्वच्छ आरशावर मारून बघावी. तेलाचा किंवा पाण्याचा ठिपका उमटला, तर रंगाचा डबा बंदच ठेवावा.

एवढं करूनही खड्डे पडलेच तर त्यावर जाड हात मारून ते बुजवायचा मोह आवरावा, तसे ते बुजत नाहीत. बेस कोटमध्ये, म्हणजे रंगाच्या थरात, तुरळक ठिपके असतील तर तो वाळू द्यावा आणि अगदी हलके, कोरडे हात थांबून थांबून द्यावेत. खड्डे जास्त असतील तर वाळल्यावर साफ करावं, घासावं, पुन्हा साफ करावं आणि नव्याने रंग द्यावा. दुकानात खड्डे न पडण्यासाठी रंगात घालायचं औषध मिळतं. त्यातही बहुधा सिलिकॉनच असतं. एकदा ते घातलं की पुढच्या प्रत्येक हातात घालावं लागतं आणि गनही बाटते. घरच्या कामात ते वापरू नये.

आणि एक कळकळीची विनंती. रंगावर हार्डनर घालून मारायच्या पारदर्शक थरात, म्हणजे टू-के क्लिअरमध्ये, आयसोसायनेट असतं. त्याने कायमचा दमा जडू शकतो आणि कापडी मास्क त्याला अडवत नाही. बेस कोटपर्यंतचं काम हौसेने घरी करा, पण क्लिअर मात्र बाहेरून हवा पुरवणारा मास्क आणि बूथ असलेल्या गॅरेजमधूनच मारून घ्या.