माझ्या नावाचं कार्ड

हे जाऊन चार महिने झाले.

2018 साली मुलाने आम्हा दोघांना ग्रीनकार्डावर न्यू जर्सीला आणलं. घरातले सगळे कागद आयुष्यभर ह्यांनीच सांभाळले. त्यामुळे हे गेल्यावर एका रात्री मनात आलं, आता माझं कार्डही गेलं का?

वकीलबाई मराठीच निघाल्या. म्हणाल्या, "काकू, मुलगा इथला नागरिक असला तरी आईचा अर्ज वेगळा, वडिलांचा वेगळा. तुमचं कार्ड काकांमुळे नाही, ते तुमचंच आहे." शाळेत मुलींना स्वतःच्या पायावर उभं राहायला शिकवलं आणि स्वतःचा कागद कधी वाचला नाही! हसूही आलं, रडूही.

आता वाईला जायचंय. कृष्णेत अस्थी सोडायच्या आणि वर्षश्राद्ध करूनच परतायचं. पण वर्षाहून जास्त बाहेर राहिलं तर नुसत्या कार्डावर परत येता येत नाही. त्यासाठी री-एन्ट्री परमिट लागतं, जास्तीत जास्त दोन वर्षांचं. त्याचा अर्ज अमेरिकेत असतानाच करावा लागतो.

अर्जात प्रवासाचं कारण विचारलं होतं. मी सांगितलं, "घरी जाणं." मुलगा लिहिता लिहिता थांबला. "आई, आपलं घर इथे आहे असंच दाखवायचंय ना?" मग त्याने लिहिलं, 'पतीचे अंत्यविधी.'

बरोबरच होतं त्याचं. मी सही केली.

असो.