सनरूफ की मोसंबी?

सेल्समन पोराने पहिल्या पाच मिनिटांत सनरूफ तीनदा उघडून दाखवलं. मी आपला ‘वॉव’ म्हणतोय, तेवढ्यात मागच्या सीटवरून अण्णांचा आवाज आला, ‘‘डिकी कुठून उघडती?’’

बॉस, गाडी मी घेणार, ईएमआय माझा आणि टेस्ट ड्राइव्ह मात्र अण्णांची!

सीन असा होता. ऑफिस चिकलठाण्यात, घर पाचोडला. धुळे-सोलापूर हायवेने जाऊन-येऊन साधारण शंभर किलोमीटर. आठवड्यात तीन दिवस ऑफिस, दोन दिवस घरून काम. तीन वर्षं एसटीत काढली. मग ऑप्शन उरले दोनच. संभाजीनगरात वन बीएचके भाड्याने घ्यायचा, नाहीतर गाडी. फ्लॅट घेतला की घरी आई-अण्णा दोघंच. त्यात आईचे गुडघे, दर महिन्याला शहरात डॉक्टरांकडे फेरी. कुणी काही बोलत नव्हतं, पण फ्लॅटचा विषय निघाला की अण्णा बागेला पाणी बघायचं म्हणून उठून जायचे.

म्हणून ही छोटी पेट्रोल क्रॉसओव्हर. पंच, एक्स्टर, फ्रॉन्क्स वगैरे मंडळी. वरून एसयूव्हीचा रुबाब, आतून हॅचबॅकच. फोर बाय फोर वगैरे विसरा. लांबी चार मीटरच्या आत आणि इंजिन बाराशे सीसीच्या आत, कारण तेवढ्यात बसलं तरच कर कमी लागतो. सप्टेंबर २०२५ मध्ये या गाड्यांवरचा २८ टक्के जीएसटी आणि वरचा सेस जाऊन १८ टक्के झाला, तेव्हा कुठे आमची शोरूमची पायरी चढायची हिंमत झाली. मी कुठली घेतली ते सांगत नाही. ऑफिसात अजून त्यावरून भांडणं चालू आहेत.

पहिली परीक्षा आईची. मामाच्या लांबलचक सेडानमधून उतरताना तिला दोघांनी हात द्यावा लागतो. इथे दार उघडलं, ती मागे सरकली आणि बसली. वाकणं नाही, चढणं नाही. ‘‘पलंगावर बसल्यावानी वाटतंय,’’ म्हणाली. ब्रोशरमधले सगळे फीचर्स एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला!

दुसरी परीक्षा कॅरेटची. पाचोड म्हणजे मोसंबीचा बाजार, आणि अण्णांच्या लेखी डिकी लिटरमध्ये मोजायची वस्तूच नाही. पंचची ३६६ लिटर, एक्स्टरची ३९१, असं मी नेटवरून पाठ करून गेलो होतो. त्यांनी विचारलं, ‘‘कॅरेट किती बसत्यात?’’ दोन बसतात. तिसऱ्यासाठी मागची सीट पाडावी लागते आणि डिकीची कड उंच असल्याने उचलून टाकताना कंबर बोलते. बागेचा रस्ता मात्र सोपा गेला. या गाड्यांचं पोट जमिनीपासून १८५ मिलिमीटरच्या आसपास उंच असतं. बैलगाडीच्या चाकोऱ्यांमधला उंचवटा खाली घासेल म्हणून मी दात आवळून बसलो होतो. घासला नाही.

आता चार महिन्यांनंतरचं खरं खरं. एकटा असलो तर हायवेवर गाडी झकास. पण पाच माणसं, एसी आणि पुढे उसाची जोड-ट्रॉली? आडूळच्या पुढे एकदा मी पाचव्या गिअरमध्येच ओव्हरटेकला निघालो. गाडी पुढे सरकेना, मागे ट्रकचा हॉर्न. अण्णांनी समोरचं हँडल धरलं, बोलले काहीच नाहीत. तेव्हापासून आधी दोन गिअर खाली, मग हिंमत. जमत नसेल तर ट्रॉलीच्या मागे गुमान गाणी ऐकत राहतो.

आणि पेट्रोल! मला लिटरला सतरा मिळतात. शोरूममध्ये आकडा वेगळा होता, तो त्यांनाच लखलाभ. शिवाय आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ताकद पेट्रोलपेक्षा जवळपास एक तृतीयांश कमी, म्हणजे अॅव्हरेज थोडं खाली येणारच. ऑफिसचे महिन्याला तेरा दिवस धरले तर पंच्याहत्तर-ऐंशी लिटर, साधारण आठ हजार रुपये. रोज जावं लागलं असतं तर हा हिशेब कोसळला असता. तसं असेल तर सरळ सीएनजी बघा. पंच आणि एक्स्टरमध्ये आता दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाशी बसवतात, त्यामुळे सामानाला जागा उरते.

सनरूफवालं मॉडेल घेतलंच नाही. वाचलेल्या पैशांतून आईसाठी मागे आर्मरेस्ट आणि चांगली सीट कव्हर्स केली. अण्णांनी डिलिव्हरीच्या दिवशीच, पेढे वाटायच्या आधी, डिकीत गोणपाट अंथरलं. आता त्यांचं एकच चालू आहे: मोसंबीच्या सीझनपुरती मागची सीट काढून ठेवता येते का, त्या पोराला फोन करून विचार.

अजून केला नाही.