कधीपासून दुखतंय?

तुम्ही दवाखान्यात का येत नाही, असं डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या गोंड माणसांना विचारलं होतं. उत्तरात औषधांची तक्रार नव्हती. लोक म्हणाले, पांढऱ्या कपड्यांची भीती वाटते. आम्ही मढं पांढऱ्या कापडात गुंडाळतो. तेच अंगावर घालून फिरणारी माणसं जीव कसा वाचवतील? शिवाय तिथे देव नाही, इमारत अवाढव्य, आणि घरच्यांना बाहेर काढतात. हे ऐकून बंगांच्या शोधग्रामातला दवाखाना गावातल्या झोपड्यांसारखा बांधला गेला. आजाऱ्यापाशी घरची माणसं राहू लागली. दवाखान्याला नाव मिळालं त्यांच्या देवीचं, माँ दंतेश्वरीचं. कुठल्या प्रश्नावलीत ‘कापडाचा रंग’ असा रकाना कुणी ठेवला असता? ते सांगणाऱ्यालाच सुचतं, आणि तेही त्याला पुरेसं बोलू दिलं तर.

आपल्याकडे आजार तारखेने सांगत नाहीत. ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी चक्कर आली’, ‘बोअर मारली त्या उन्हाळ्यात पाय सुजला’, ‘धाकटीचं लग्न निघालं आणि झोप उडाली’. डॉक्टरच्या लेखी हा फापटपसारा. मलाही तो तसा वाटायचा, आत्याला घेऊन ओपीडीत बसेपर्यंत.

‘कधीपासून दुखतंय?’ डॉक्टरांनी विचारलं.

‘लेकीच्या बाळंतपणाला गेले होते ना, तिकडनं आल्यावर बघा. तिथं काय झालं...’

‘जेवणाआधी दुखतं की नंतर?’

आत्या गप्प झाली. केसपेपरवर ‘पोटदुखी, २ महिने’ एवढं उमटलं. डॉक्टर वाईट नव्हते. दाराबाहेर रांग जिन्यापर्यंत गेली होती. ‘तिथं काय झालं’ ते बाहेर बसलेल्या सिस्टरना कळलं, आत्याच्या दंडाला बीपीचा पट्टा गुंडाळताना. पाटावर पाय पसरून नातवाला रोज न्हाऊ घालायचं, मग त्याला उचलून उठायचं. त्यात गुडघे गेले. मेडिकलवाल्याने दुखण्यावरच्या गोळ्या दिल्या, त्या ती रात्री घ्यायची. आणि रात्रीचं जेवण? ‘हे गेल्यापासून एकटीसाठी कोण चूल पेटवतंय!’ उपाशी पोटी, रोज, दुखण्यावरची गोळी. सिस्टर पट्टा तसाच ठेवून आत गेल्या. पोटाच्या त्या दुखण्यात बाळंतपण होतं, वैधव्य होतं आणि मेडिकलचं दुकानही होतं. यातलं एक गाळलं असतं तरी निदान चुकलं असतं.

ही घाई फक्त आपल्या सरकारी दवाखान्यांतली नाही. १९८४ साली छापून आलेल्या अभ्यासासाठी अमेरिकेत बेकमन आणि फ्रँकेल या संशोधकांनी तपासणीच्या खोलीतली संभाषणं टेप करून ऐकली. रुग्णाने बोलायला सुरुवात केल्यावर डॉक्टर सरासरी १८ सेकंदांत मध्ये पडत होते. अठरा सेकंदांत आमची आत्या जेमतेम लेकीच्या गावाला पोचते!

बायकांची बरीच दुखणी तर तेवढीही जागा मागत नाहीत. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली आणि ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. ९२ टक्के बायकांना एक ना एक स्त्रीरोग होता. आधी कधी तशी तपासणी झालेल्या मात्र ८ टक्केच. पांढरं जाणं, कंबर मोडणं हे सगळं बाईच्या जातीला लागलेलंच, म्हणून ते अंगावर काढलं जायचं. आधी बसून, ओळख वाढवून बोलणं झालं, तेव्हा ते दुखणं म्हणून समोर आलं.

पण गोष्ट सांगायला लावणं म्हणजे दर वेळी पुण्यकर्म, असं मला वाटत नाही. मुंबईत परळला कर्करोगाच्या उपचारांसाठी आलेली कुटुंबं फुटपाथवर राहतात. मुलाच्या उपचारासाठी ट्रस्टच्या दारोदार फिरणारा एक बाप तिथे भेटला. कागदांची फाइल छातीशी. प्रत्येक ऑफिसात तीच हकिकत पहिल्यापासून. म्हणाला, ‘आता माझं मलाच पाठ झालंय. कुठं रडू येतं तेपण माहीत आहे.’ एका ठिकाणी त्याच्याकडे केस गेलेल्या मुलाचा फोटो मागितला होता, आणि ‘हसरा नको’ असंही सांगितलं होतं. मदत मिळाली, ती नाकारावी असं कोण म्हणेल? तरीही तो फोटो मागणाऱ्याचा मला राग येतो. मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात व्यसनातून बाहेर पडलेला माणूस नव्याने आलेल्याला आपलं सगळं सांगतो, तेव्हा तोही तेच तेच सांगत असतो. पण कुठं थांबायचं ते त्याच्या हातात असतं.

सांगणाऱ्या बाईच्या हातात माइक गेला की काय होतं, तेही पाहिलं आहे. महाराष्ट्रात २००७ पासून ग्रामीण आरोग्य अभियानाखाली लोकाधारित देखरेख सुरू झाली आणि तिच्यातून जनसुनवाया होऊ लागल्या. समोर आरोग्य खात्याचे अधिकारी, मांडवात गाव. अशाच एका सुनवाईत एक बाई उभी राहिली. सुनेला कळा लागल्या तेव्हा आरोग्य केंद्राची गाडी मिळाली नाही, शेळी विकून जीप केली, म्हणाली. अधिकाऱ्यांनी विचारलं, तारीख काय? तिला तारीख सांगता येईना. ‘नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी,’ ती म्हणाली. मागून कुणीतरी भिंतीवरचं कॅलेंडरच काढून आणलं, तारीख निघाली, आणि गाडीचं लॉगबुक मागवण्यात आलं. बाई खाली बसली नाही. पान सापडेपर्यंत माइक धरून उभी राहिली. गाडी त्या दिवशी मीटिंगसाठी जिल्ह्याला गेली होती.