शंभरात तीस

मंडळी, सुरुवातीलाच कबुली देतो. फुटबॉलमधलं मला फारसं कळत नाही. २००२ साली साताऱ्याहून एम. एस. करायला टेक्ससमधल्या आर्लिंग्टनला आलो. त्या विद्यापीठाने आपला फुटबॉलचा संघ १९८५ सालीच बंद करून टाकला होता, त्यामुळे हा खेळ आयता बघायला मिळाला नाही, आणि मुद्दाम बघावा असं कधी वाटलं नाही. धिप्पाड माणसं एकमेकांवर आदळतात, शिट्टी वाजते, मग सगळे उठून पुन्हा बैठक घेतात, एवढंच माझं ज्ञान. पुढे चिरंजीव शाळेच्या संघात दाखल झाले आणि माझा नाइलाज झाला.

चिरंजीव किकर. लहानपणी सॉकर खेळायचा, पाय चांगला होता. २०२२ साली तो दहावीत होता, ज्युनियर संघात, तिथेही राखीव. पण डोळा शाळेच्या मुख्य संघावर, म्हणजे व्हर्सिटीवर. टेक्ससमध्ये शुक्रवारी रात्रीचा शाळेचा सामना म्हणजे आपल्याकडची गावची जत्राच. त्याचे गणिताचे मार्क घसरले तेव्हा मी त्याला समोर बसवलं. नोकरी विश्वासार्हतेच्या गणिताची. कुठला भाग किती वर्षांत निकामी होईल याचा हिशेब मांडून पगार घेतो. मी कागदावर लिहून दाखवलं की शाळेत फुटबॉल खेळणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम सात मुलं कॉलेजात खेळतात. "आता तूच ठरव," असं म्हणून मी कागद पुढे सरकवला. तो काही न बोलता वर खोलीत निघून गेला. सौ. म्हणाली, "झालं समाधान?"

त्याच हंगामात आमच्या शेजारच्या फोर्ट वर्थमध्ये टेक्सस ख्रिश्चन विद्यापीठाचा, म्हणजे टी.सी.यू.चा संघ गाजत होता. आदल्या वर्षी त्यांनी ५ सामने जिंकले होते, ७ हरले होते. नवे प्रशिक्षक आले होते, सनी डाइक्स. हंगामाआधीच्या अंदाजात बिग ट्वेल्व्हमध्ये त्यांना सातवा नंबर दिला होता. मॅक्स डगन नावाच्या मुलाची क्वार्टरबॅकची जागा गेली होती. पहिल्याच सामन्यात नव्या क्वार्टरबॅकला दुखापत झाली आणि डगनला परत बोलावलं. मग हे पठ्ठे ओळीने १२ सामने जिंकले. बेलरविरुद्ध तर घड्याळ संपता संपता धावत मैदानात येऊन ४० यार्डांची किक मारली आणि २९-२८ ने जिंकले. ती किक चिरंजीवांनी किमान पन्नास वेळा पाहिली असेल. बिग ट्वेल्व्हच्या अंतिम सामन्यात कॅन्सस स्टेटकडून जादा वेळेत हरले, तरीही चार संघांच्या प्लेऑफमध्ये त्यांना जागा मिळाली. टेक्ससमधला कुठलाही संघ तोवर तिथे पोहोचला नव्हता. उपान्त्य सामन्यात गाठ पडली मिशिगनशी : १३ पैकी १३ जिंकलेले, एक लाखाहून जास्त माणसं बसतील असं घरचं स्टेडियम असलेले.

सामना ३१ डिसेंबरला दुपारी. त्या रात्री आमच्याकडे नववर्षाचं पॉटलक होतं, म्हणून मंडळी लवकरच जमली. एक स्नेही ॲन आर्बरचे पदवीधर, ते पिवळा-निळा स्वेटर घालूनच आले. बटाटेवडे तळले जात असताना कोणीतरी विचारलं, "काय हो इंजिनियर, टी.सी.यू.चा चान्स किती?"

मी हिशेब मांडला. सट्टेवाल्यांनी मिशिगनला साडेसात गुणांनी वरचढ धरलं होतं. मी सट्टा खेळत नाही, पण ज्याचे पैसे अडकलेले असतात तो भावनेच्या भरात बोलत नाही, म्हणून त्यांचे आकडे बघतो. कॉलेज फुटबॉलमध्ये असा अंदाज आणि प्रत्यक्ष निकाल यांच्यातलं प्रमाण विचलन साधारण सोळा गुणांचं धरतात. साडेसात भागिले सोळा, म्हणजे अर्ध्या विचलनाहून थोडं कमी. तक्त्यात पाहिलं तर दुबळ्या संघाला शंभरात तीस-बत्तीस. "आणि अजिंक्यपद?" अंतिम सामना आणखी कठीण, तिथे पाचात एक धरू. दोन्हींचा गुणाकार केला की जेमतेम पंधरात एक. "म्हणजे हरणार," असं म्हणत स्नेह्यांनी वडा उचलला. मला ते मान्य नव्हतं. पावसाची शक्यता शंभरात तीस असली तर आपण छत्री घेतोच की. पण वाद घालायला वेळ नव्हता, सामना सुरू झाला होता.

दुबळ्याने जिंकायचं तर खेळ सरळ चालून उपयोगाचा नसतो. सरळ खेळात बलवान हळूहळू वर येतोच. उलथापालथ व्हायला हवी, आणि त्या दिवशी ती झाली. मिशिगनचे दोन पास टी.सी.यू.ने हवेतच पकडले आणि दोन्ही थेट टचडाऊनपर्यंत पळवत नेले. मिशिगन दोनदा गोलरेषेच्या तोंडाशी येऊन रिकाम्या हाताने परतलं. मध्यंतराला २१-६. तिसऱ्या पावात दोघांनी मिळून ४४ गुण केले. वडे थंड झाले तरी कोणी उठेना. चौथ्यात ४१-३८ झालं तेव्हा स्वेटरवाले उभे राहिले, आणि लगेच क्वेंटिन जॉन्स्टन ७६ यार्ड पळाला. शेवटी ५१-४५. फरक सहा गुणांचा, आणि पळवलेल्या त्या दोन चेंडूंचेच गुण चौदा! चिरंजीव सोफ्यावर उभे राहून ओरडत होते आणि सौ.ने चक्क त्यांना खाली उतरवलं नाही.

नऊ दिवसांनी, ९ जानेवारी २०२३ ला, जॉर्जियाने त्याच टी.सी.यू.ला ६५-७ असं चिरडलं. त्या रात्री मी न राहवून म्हणालो, "पाहिलंस? शेवटी आकडे खोटं बोलत नाहीत."

टीव्हीवरची नजर न काढता तो म्हणाला, "बाबा, पण फिएस्टा बोल ते जिंकलेच ना? तो काही कोणी परत घेतला नाही." मग थोड्या वेळाने : "आणि मला कॉलेजात खेळायचंच नाहीये. तू ते सात टक्के काढलेस, ते मी विचारलेच नव्हते. मला शुक्रवारी रात्री आपल्या शाळेकडून खेळायचंय. त्याचा चान्स किती, ते सांग."

इतकी वर्षं मी हाताखालच्या पोरांना शिकवतोय, की उत्तर काढण्याआधी प्रश्न नीट वाचा. आणि घरात पोराचा प्रश्न न वाचताच मी पेपर सोडवून मोकळा झालो होतो. त्याहून वाईट म्हणजे, तो आकडा मी काढला होता तो त्याला गप्प बसवण्यासाठी.

पुढच्या रविवारी आम्ही शाळेच्या मैदानावर गेलो. तो किक मारायचा, मी खांबांमागे उभा राहून चेंडू गोळा करायचो आणि वहीत बरोबर किंवा फुलीची खूण करायचो. पस्तीस यार्डांवरून दहापैकी सहा. शाळेत किकर तिघं, जागा एक. शक्यता मी शंभरात पंचवीस सांगितली. "चालेल," म्हणाला. दीड वर्षात तीन वह्या भरल्या. गणिताचे मार्कही सुधारले, पण त्याचं श्रेय मी घेत नाही.

त्याची निवड झाली, पण राखीव म्हणूनच. २०२४ च्या ऑक्टोबरात एका शुक्रवारी मुख्य किकरचा घोटा मुरगळला आणि याचं नाव पुकारलं गेलं. आम्ही दोघं थर्मासमधला चहा हातात धरून बसलो होतो, तो तसाच राहिला. टचडाऊननंतरच्या दोन किक त्याने बरोबर मारल्या. अडतीस यार्डांवरची तिसरी डाव्या खांबाला लागून बाहेर गेली. सामना आम्ही हरलो.

आता तो कॉलेजात आहे. फुटबॉल खेळत नाही. सात टक्क्यांचा माझा आकडा अगदी बरोबर ठरला. त्या रात्री घरी येताना गाडीत कोणी काही बोललं नाही. घरी आल्यावर त्याने कप्प्यातून वही काढली, तारीख घातली, दोन बरोबर आणि एक फुली अशा खुणा केल्या आणि म्हणाला, "बाबा, दहातले चार असतात ना, त्यातला हा एक होता." मग सौ.ला विचारलं, "आई, खायला काय आहे?"