रेषेची वाट

माझी नात संगणकावर हलती चित्रे तयार करण्याची कला शिकत आहे. परवा सायंकाळी तिने मला हाक मारली. "आजोबा, बालवाडीच्या मुलांसाठी मी 'ग' काढला आहे. पाहा बरे, कसा झाला आहे तो!" ज्याचा सारा जन्म मुलांची अक्षरे तपासण्यात गेला, त्याला याहून आवडीचे आमंत्रण कोणते असणार?

मी चष्मा लावून पाहू लागलो. कोऱ्या पडद्यावर एक बारीक रेषा उमटली. पण हे काय? मुंगीने वाटीच्या काठावरून चालावे, तशी ती अक्षराच्या कडेकडेने चालली होती. फेरी पुरी होताच 'ग'ची बाह्यरेषा तयार झाली आणि तिच्यात रंग भरला. अक्षर देखणे होते. पण असे अक्षर कोणी लिहीत नाही!

मी तसे म्हणताच नात सांगू लागली, "आजोबा, 'आफ्टर इफेक्ट्स' या प्रणालीत रेषा उलगडत नेण्यासाठी 'ट्रिम पाथ्स' नावाची सोय आहे. रेषेची सगळी लांबी 100 टक्के मानायची. तिच्या शेवटाचा आकडा 0 ठेवला तर काहीच दिसत नाही. 50 ठेवला तर निम्मी रेषा दिसते. आरंभी 0 आणि तीन सेकंदांनी 100 असे नेमून दिले, की मधले आकडे संगणक स्वतः भरतो. पण रेषेने कोणत्या वाटेने जावे, हे त्याला कसे कळणार? छापाच्या अक्षरावरून आकृती घेतली, की त्याला फक्त कडा मिळतात. हाताची वाट मिळत नाही."

मग ती वाट आम्ही दोघांनी घालून दिली. अक्षराच्या मधोमध तिने तीन रेषा काढल्या. आधी डावीकडची आकडी, मग काना आणि शेवटी शिरोरेषा. या रेषा अक्षराच्या जाडीहून किंचित रुंद केल्या आणि त्या जेथवर पोचतील तेथवरच मूळ अक्षर दिसावे, अशी योजना केली. प्रथम तिन्ही रेषा एकदम धावू लागल्या. त्यांना एकामागून एक निघावयास लावले, तर काना खालून वर चढू लागला! नातीने तो काढतानाच खालून आरंभ केला होता. दिशा उलटी करताच तो शहाण्यासारखा वरून खाली उतरला. नवल हे, की पुरा झालेला 'ग' प्रत्येक वेळी अगदी सारखाच दिसत होता.

ते पाहता पाहता मला पाचवीच्या वर्गातील एक विद्यार्थी आठवला. त्याचे अक्षर मोत्यासारखे होते. हस्ताक्षराचे पुरे गुण मी त्याला नेहमी देत असे. परीक्षेत मात्र त्याची उत्तरपत्रिका दर वेळी अपुरी राही आणि मी तिच्यावर 'आळस सोडावा' असा शेरा मारीत असे. एकदा त्याला फळ्यावर लिहावयास बोलाविले. त्याने आधी शिरोरेषा ओढली आणि मग काना खालून वर नेला. वर्ग हसला, मीही हसलो. तो खडू ठेवून मुकाट्याने जागेवर जाऊन बसला. हा मुलगा अक्षर लिहीत नाही, एकेक अक्षर चित्रासारखे काढतो, म्हणून त्याला वेळ पुरत नाही, हे त्या दिवशीही माझ्या ध्यानात आले नाही. त्याची पुरी झालेली शेकडो अक्षरे मी तपासली होती. त्यांतले एकही होताना पाहिले नव्हते. त्याच्या बाकावर त्याच्याशेजारी पाच मिनिटे बसलो असतो, तर तो शेरा माझ्या हातून लिहिला गेला नसता.

"आता आवडला ना, आजोबा?" नातीने विचारले. पडद्यावर 'ग' पुरा झाला होता.

"छान झाला आहे," मी म्हणालो. "पण पुन्हा एकदा शून्यापासून दाखव. आणि या वेळी अगदी सावकाश."